एआयओ उघडायचा, तर असा

लग्नसराईत आजऱ्यातल्या एखाद्या फोटो स्टुडिओत दुपारी डोकावलात, तर कोपऱ्यात एक कॉम्प्युटर रेंडरला लावलेला असतो आणि त्याचे पंखे कोकलत असतात. मशीन चार-पाच वर्षांचं. आत २४० मिलिमीटरचा ‘एआयओ’, म्हणजे कारखान्यातच पाणी भरून बंद करून आलेला वॉटर कूलर. सीपीयू ९५ अंशांच्या घरात. अशा वेळी मालकाच्या नाहीतर त्याच्या कॉलेजातल्या मुलाच्या डोक्यात हमखास एक कल्पना येते: ह्या कूलरच्या नळ्या कापून मध्ये पाण्याची टाकी बसवायची, मोठा रेडिएटर जोडायचा, रंगीत पाणी भरायचं. होतं का असं? होतं. पण त्यातली बरीच कामं पाण्याला हात न लावता होतात, आणि पाण्याला हात लावायचाच असेल तर अर्धवट लावून चालत नाही. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

आधी तापमान अडतंय कुठं ते बघा. चिपमधली उष्णता तांब्याच्या पट्टीत जाते, पट्टीतून पाण्यात, आणि पाण्यातून रेडिएटरच्या पात्यांमार्फत हवेत. ह्या तीनपैकी एका टप्प्यावर गाडी अडलेली असते. मशीनवर वीस मिनिटं लोड द्या आणि दोन्ही नळ्यांना हात लावा. दोन्ही कोमट, रेडिएटरही कोमट, आणि तरी सीपीयू ९५ वर असेल, तर पाणी फिरतंय आणि थंडही होतंय. दोष पेस्टमध्ये किंवा ब्लॉकच्या, म्हणजे तांब्याची पट्टी असलेल्या चिपवरच्या डबीच्या, बसणीत आहे. नळ्या आणि रेडिएटर चांगलेच गरम, पण पंख्यातून येणारी हवा मुळमुळीत असेल, तर धूळ किंवा पंखे. एक नळी चटका बसेल इतकी गरम, दुसरी गार, आणि लोड देताच काही सेकंदांत तापमान उसळत असेल, तर पंप बसलाय किंवा पट्टीच्या बारीक खाचा गाळानं भरल्यात. पंपातून गुळगुळ आवाज येत असेल तर पाणी कमी झालंय. रबरी नळीतून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी झिरपून उडतंच, त्याला इलाज नाही. पहिल्या दोन प्रकारांत कूलर उघडण्याचं काही कारणच नाही.

आणखी एक खात्री करून घ्या. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. आकडा बघून घाबरून लोक कूलर बदलतात. रायझन ७९५०एक्स मूळ सेटिंगवर चालवला तर २३० वॉटपर्यंत खातो. बायोसमधला इको मोड ६५ वॉटवर टाकला की तोच प्रोसेसर ८८ वॉटच्या आत राहतो. रेंडरला वेळ जास्त लागतो, पण निम्म्याहून कमी विजेच्या मानानं वेळ तितका वाढत नाही. इंटेलच्या आय-नाइन १३९००के ची कमाल मर्यादा २५३ वॉट आहे, तीही बायोसमधून खाली आणता येते. पैसे शून्य, जोखीम शून्य. हे करून बघितल्याशिवाय पुढचा परिच्छेद वाचू नये असं माझं मत आहे.

आता धूळ. उन्हाळ्यात आपल्या भागातली लाल माती सगळीकडं शिरते आणि पावसाळ्यात दमट हवेनं तिचा रेडिएटरच्या पात्यांत लेप बसतो. शेजारी काजू भाजण्याचं काम चालत असेल तर त्या धुराचा चिकटपणा त्यात भर घालतो. एआयओच्या रेडिएटरची पाती इतकी दाट असतात की वरून स्वच्छ दिसणारा रेडिएटर पंखे काढल्यावर आतून नमद्यासारखा निघतो. पंखे काढा, हवा ज्या बाजूनं आत शिरते त्याच्या उलट बाजूनं ब्लोअर मारा, आणि ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. पंखे बदलायचे असतील तर रेडिएटरसाठी दाब देणारे पंखे घ्या, नुसती जास्त हवा फेकणारे नकोत. आर्क्टिकचा पी१२ स्वस्तात चांगलं काम करतो. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ महाग आहे, पण आवाजाच्या बाबतीत त्याला तोड नाही. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंनी पंखे लावायची हौस असते. नेहमीचा रेडिएटर २७ मिलिमीटर जाड, एक पंखा २५. दोन्ही बाजूंनी लावले तर ७७ मिलिमीटर जागा लागते आणि फायदा होतो दोन-तीन अंशांचा. कॅबिनेटमध्ये जागा पडूनच असेल तर लावा.

ह्या साध्या कामातच सगळ्यात मोठा घात दडलेला असतो, तो स्क्रूत. कॉर्सेअर, एनझेडएक्सटी यांसारख्यांच्या रेडिएटरला ६-३२ आट्यांचे स्क्रू लागतात, दुसऱ्या काही कंपन्यांना एम३. पंखा २५ मिलिमीटर जाड असेल तर स्क्रू ३० मिलिमीटरचा. पाच मिलिमीटर पत्र्यात आणि आट्यांत जातात. सोबत आलेले हरवले म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ३५ चे आणले, तर शेवटचे दोन फेरे थोडे घट्ट जातात आणि टोक सरळ पाण्याच्या चपट्या नळीत घुसतं. पाणी लगेच येईलच असं नाही. दोन दिवसांनी ग्राफिक्स कार्डावर येतं. स्क्रू लावण्याआधी पंखा बाजूला ठेवून स्क्रू पंख्याच्या भोकातून घाला आणि पलीकडं किती निघतो ते व्हर्नियरनं मोजा. तेवढ्यात पाच-सहा हजार वाचतात.

ब्लॉकची बसण ही पाण्याला हात न लावता करायची दुसरी गोष्ट, आणि इथं खरोखर ‘कस्टम पार्ट’ उपयोगी पडतो. इंटेलच्या एलजीए १२०० पर्यंतच्या सॉकेटला कूलरची भोकं ७५ मिलिमीटरवर होती. २०२१ मध्ये एलजीए १७०० आलं आणि ती ७८ वर गेली. एलजीए १८५१ ला तीच ७८ राहिली. म्हणजे मदरबोर्ड बदलला तर चांगला चालणारा जुना कूलर केवळ तीन मिलिमीटरसाठी बाद. कंपनीकडून ब्रॅकेट मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तर कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जाणं होतंच, तिथं लेसर कटिंगवाल्याला दोन मिलिमीटर स्टीलच्या पत्र्यात जुन्या ब्रॅकेटवरून नव्या भोकांची पट्टी कापून घेता येते. जुना ब्रॅकेट, नवा मदरबोर्ड आणि कागदावर मिलिमीटरमधलं रेखाटन, तिन्ही सोबत न्या. तोंडी सांगून काम करू नका. पट्टी हाती आली की कडा कानसून घ्या आणि बोर्डाच्या बाजूला नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर भोकाजवळच्या तांब्याच्या रेषांना धातू टेकतो.

हाच ब्रॅकेट थ्रीडी प्रिंट करून देतो असं सांगणारे आता बरेच आहेत. पीएलए प्लॅस्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडायला लागतं, आणि ताण सतत राहिला तर त्याआधीच हळूहळू वाकतं. पंख्याचं नळकांडं, टाकीचा स्टँड, केबलची क्लिप असली कामं पीईटीजी किंवा एबीएसमध्ये प्रिंट करा. ब्लॉक दाबून धरणारा भाग मात्र धातूचाच हवा. एलजीए १७०० वर प्रोसेसर त्याच्या मूळ कडीच्या दाबानं मध्ये किंचित वाकतो आणि ब्लॉक नीट टेकत नाही. त्यासाठी थर्मलराइट आणि थर्मल ग्रिझली यांच्या कॉन्टॅक्ट फ्रेम मिळतात. त्या बसवल्यावर काही अंश नक्की उतरतात, आणि किमतीच्या मानानं हा सौदा नव्या कूलरपेक्षा चांगला आहे. एएमडीत एएम४ चा ब्रॅकेट बहुतेक वेळा एएम५ ला चालतो, कारण भोकांची जागा बदललेली नाही. पण एएम५ ची मागची पट्टी काढता येत नाही, म्हणून स्वतःची मागची पट्टी आणणारे कूलर तिथं अडतात.

एवढं करूनही पंप बसलेला किंवा पाणी कमी झालेलं असेल, तर उघडण्याचा विचार करू. आधी वॉरंटी बघा. चांगल्या कंपन्या पाच-सहा वर्षांची देतात आणि कूलर उघडलेला नसेल तर बदलूनही देतात. एक स्टिकर फाटलं की तो रस्ता बंद. आजऱ्यात सर्व्हिस सेंटर नाही, कुरिअरनं पाठवायला लागतं, आठवडे जातात, हे सगळं खरं. पण नवा कूलर फुकट मिळत असताना जुन्याच्या नळ्या कापणं ह्याला हौस म्हणतात, दुरुस्ती नाही.

हे कूलर उघडता येत नाहीत असे का बनवतात, ह्यामागं थोडा इतिहास आहे. पंप आणि तांब्याची पट्टी एकाच गोल डबीत बसवण्याची रचना डेन्मार्कच्या असेटेक कंपनीनं पेटंट करून घेतली, आणि बाजारातले अनेक ब्रँड आतून असेटेकचेच असतात. २०१३ मध्ये स्विफ्टेकनं एच२२० नावाचा कूलर आणला होता. तांब्याचा रेडिएटर, पाणी भरायची सोय, हवं तर आणखी भाग जोडायची मुभा. असेटेकच्या पेटंटच्या दाव्यामुळं तो अमेरिकेच्या बाजारातून त्याच वर्षी मागं घ्यावा लागला. पुढं डिसेंबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं कूलर मास्टरच्या अमेरिकेतल्या कंपनीविरुद्धही असेटेकच्या बाजूनं निकाल दिला. उघडता येणारा, वाढवता येणारा कूलर हवाच असेल तर जर्मनीच्या अल्फाकूलचा आइसबेअर बघा, आणि नुसतं पाणी वरून भरता यावं एवढंच हवं असेल तर भरायचं तोंड दिलेला बी क्वाएटचा सायलेंट लूप २. ते त्यासाठीच केलेले आहेत. आणि उघडणं म्हणजे पाप नाही. २०२२ मध्ये आर्क्टिकला आपल्या लिक्विड फ्रीझर २ मधल्या गॅस्केटमुळं तांब्याची पट्टी खराब होऊ शकते असं आढळलं, तेव्हा कंपनीनं गॅस्केट बदलायचं किट ग्राहकांना मोफत देऊ केलं आणि लोकांनी घरी ब्लॉक उघडून ते बसवलं.

उघडल्यावरचा पहिला प्रश्न धातूंचा. बहुतेक एआयओमध्ये पट्टी तांब्याची आणि रेडिएटर अॅल्युमिनिअमचा. एकाच पाण्यात हे दोन धातू असले की अॅल्युमिनिअम झिजतं, त्याचा पांढरा गाळ होतो आणि तो पट्टीच्या खाचांत जाऊन बसतो. कारखान्यातल्या पाण्यात ग्लायकोल आणि गंजरोधक मिसळलेलं असतं म्हणून ते इतकी वर्षं टिकतं. तुम्ही ते ओतून नळाचं पाणी भरलंत, तर काही महिन्यांत कूलर संपला. आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरतातच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चालेल, पण बाटलीवर ‘ॲसिड’ लिहिलेलं नाही ना ते डोळ्यांनी वाचून घ्या. आणि नुसतं तेही पुरेसं नाही; गंजरोधक हवंच. वॉटर कूलिंगसाठीचं तयार द्रव घेताना बाटलीवर अॅल्युमिनिअमसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेच घ्या, कारण अनेक द्रवं केवळ तांबं-पितळ-निकेलसाठी असतात. गाडीचं कूलंट वापरणारेही आहेत, चालतंही. पण त्यातलं एथिलिन ग्लायकोल विषारी आणि चवीला गोड असतं, घरात लहान मुलं किंवा कुत्रं असेल तर प्रोपिलिन ग्लायकोलवालंच बघा. मोठा रेडिएटर जोडायचा असेल तर तो तांब्याचा घेऊन जुना अॅल्युमिनिअमचा काढूनच टाका. दोन्ही एका लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या एकाच चक्रात, ठेवण्याचा मोह टाळा.

नळीच्या बाबतीत गवंड्याचा पारदर्शक लेव्हल पाइप स्वस्त आणि लगेच मिळतो म्हणून लोक तोच घेतात. तो पीव्हीसीचा. गरम पाण्यात त्यातलं प्लॅस्टिसायझर सुटतं, नळी दुधाळ होते आणि तोच चिकटा ब्लॉकमध्ये साचतो. काळी ईपीडीएम रबरी नळी घ्या. दिसायला साधी, पण पाणीही तिच्यातून कमी उडतं. एआयओच्या मूळ नळीचा आतला व्यास कस्टम लूपच्या, म्हणजे सुटे भाग जोडून केलेल्या कूलरच्या, नेहमीच्या १० मिलिमीटरपेक्षा लहान असतो आणि मॉडेलगणिक बदलतो, म्हणून कापलेल्या तुकड्याला व्हर्नियर लावल्याशिवाय फिटिंग मागवू नका. लहान-मोठ्या मापाचा रिड्यूसर बाजारात न मिळाल्यास उद्यमनगरातला टर्नर पितळी सळईतून तो लेथवर काढून देतो. नळी धरून ठेवणाऱ्या काट्यांच्या कडा बोथट ठेवायला सांगा, धारदार असल्या तर नळी आतून चिरते. वरून होज क्लिप आवळा. मऊ नळीवर फार आवळली तर क्लिपची पट्टी रबर कापते.

आट्यांचा घोळ सगळ्यात जास्त होतो. कस्टम लूपच्या टाक्या, ब्लॉक, रेडिएटर ह्यांना ‘जी पाव इंची’ (G1/4) आटे असतात: बाहेरचा व्यास १३.१५७ मिलिमीटर, इंचाला १९ आटे, आणि ते समांतर. पाणी थांबतं ते ओ-रिंगवर, आट्यांवर नाही. म्हणून टेफलॉन टेप लागत नाही, हातानं घट्ट आणि वर थोडंसं, बस. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या लाइनला जे पाव इंची निपल असतात ते बहुधा निमुळत्या आट्यांचे. एक-दोन फेरे छान जातात, मग पान्यानं जोर लावला की अॅक्रिलिकची टाकी तडकते. ओ-रिंगला लावायचं तर सिलिकॉन ग्रीसच लावा; व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल नाही, कारण पेट्रोलियमच्या तेलानं ईपीडीएम फुगतं.

टाकीबद्दल एक भ्रम दूर करू. टाकी बसवली म्हणजे तापमान उतरतं असं नाही. समजा लूपमध्ये २०० मिली पाणी आहे. ते एक अंशानं तापायला सुमारे ८३६ ज्यूल लागतात, म्हणजे १५० वॉटची उष्णता नुसती साचत राहिली तर साडेपाच सेकंदांत एक अंश. टाकीत २५० मिली वाढवलं की तोच एक अंश साडेबारा सेकंदांनी चढतो. चढायला उशीर होतो, इतकंच. तासभराच्या रेंडरनंतर तापमान शेवटी रेडिएटर आणि पंखे ठरवतात. टाकीचा खरा उपयोग दुसराच आहे: उडालेलं पाणी वरून भरता येतं आणि अडकलेली हवा तिथं गोळा होते. दुरुस्तीच्या दृष्टीनं हाच सगळ्यात मोलाचा कस्टम पार्ट, कारण पुढच्या वेळी नळी कापावी लागत नाही. टाकी पंपात पाणी जाणाऱ्या नळीवर, पंपाच्या आधी आणि लूपमध्ये सगळ्यात उंच ठेवा. कोणत्या नळीतून पाणी बाहेर येतं? जी जास्त गरम ती. कापण्याआधी तिच्यावर लाल टेप गुंडाळून ठेवा, नंतर आठवत नाही.

कापताना नळी ब्लॉकच्या कोपऱ्यातल्या फिरत्या एल्बोपासून चार-पाच इंच लांब, नव्या पात्यानं सरळ कापा. एल्बो काढायच्या फंदात पडू नका, तो दाबून बसवलेला असतो. गाळ असेल तर पट्टी खोला, ओ-रिंग कशी बसलीय त्याचा फोटो घ्या, खाचा जुन्या टूथब्रशनं आणि पाण्यात मिसळलेल्या थोड्या व्हिनेगरनं घासा, डिस्टिल्ड पाण्यानं भरपूर खळखळवा. व्हिनेगर अॅल्युमिनिअमला लावू नका. लहान पंपावर दुसरा रेडिएटर किंवा ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक लादू नका. तीन-चार वॉटचा तो पंप. तेवढं हवं असेल तर डी५ किंवा डीडीसी पंप लागतो, आणि मग जुनी डबी ठेवण्यात अर्थ नाही, वेगळा ब्लॉकच घ्यावा.

गळती तपासताना मदरबोर्डला वीज नको. लूप कॅबिनेटबाहेर टेबलावर मांडा, प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू. पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडली की तो एकटा चालू होतो. हल्लीच्या केबलमध्ये सगळ्या तारा काळ्या असतात, तेव्हा १६ नंबरची पिन शोधा. त्यासाठी तयार जम्पर प्लगही मिळतो. पंप कधीही कोरडा फिरवू नका, त्याचं बेअरिंग पाण्यावरच चालतं. टाकी भरा, पाच सेकंद चालू, बंद, परत भरा. रेडिएटर चहूबाजूंनी कलता करा, बुडबुडे निघतील. मग चोवीस तास चालू ठेवा. टिश्यू कोरडे असतील तरच आत बसवा. द्रव वीज वाहत नाही ह्या भरवशावर राहू नका. बाटलीत ते खरं असेल, बोर्डावरच्या धुळीत मिसळल्यावर नाही.

बसवताना रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असं बघा. हवा नेहमी वर जाते, ती पंपात अडकली की आवाजही येतो आणि पंपही लवकर जातो. पंपाचा प्लग एआयओ पंप असं लिहिलेल्या हेडरला लावून पूर्ण वेगावर ठेवा, तापमानाप्रमाणं कमी-जास्त होणाऱ्या पंख्याच्या हेडरला नाही. पंप थांबला तर मशीन बंद व्हावं अशी सोय बायोसमध्ये असेल तर ती चालू करा. आंबोलीकडून ढग उतरले की घरात सगळ्याला ओल सुटते, म्हणून पावसाळ्यात नळ्यांवर दव धरेल का अशी भीती वाटते. धरणार नाही. साधा वॉटर कूलर खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. नळीवर थेंब दिसला तर ती गळतीच, मशीन ताबडतोब बंद करा.

काढलेलं जुनं पाणी बाटलीत भरून झाकण लावा, मोरीत किंवा झाडाखाली ओतू नका. टाकीवर मार्करनं भरल्याची तारीख आणि पाण्याच्या पातळीची रेघ मारा. मृग लागण्याआधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा ती रेघ बघायची. बोटभर खाली गेली असेल तर त्याच बाटलीतलं तेच द्रव घालायचं, दुसऱ्या कंपनीचं मिसळायचं नाही. रंग गढूळ झालेला दिसला तर वरून भर घालू नका, सगळं काढून धुऊन परत भरा.